रेणू जातात, आठवण राहते: एका प्रथिनाची तीस वर्षे

१९८४ च्या नोव्हेंबरात ‘नेचर’ या साप्ताहिकात फ्रान्सिस क्रिक यांचे एका पानाचे टिपण छापून आले. क्रिक हे नाव आपल्याला डीएनएच्या दुपेडी रचनेमुळे ठाऊक असते. जेम्स वॉटसन यांच्याबरोबर १९५३ मध्ये त्यांनी ती मांडली. उत्तरायुष्यात मात्र ते कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत गेले आणि मेंदूच्या प्रश्नांकडे वळले. टिपणातला प्रश्न शाळकरी मुलालाही कळावा इतका साधा होता. डीएनए वगळले तर शरीरातले जवळजवळ सगळे रेणू सतत मोडत असतात आणि त्यांच्या जागी नवे येत असतात. कुणाचे आयुष्य तासांचे, कुणाचे दिवसांचे, तर कुणाचे फार फार तर महिन्यांचे. थोडी दीर्घायुषी प्रथिने सोडली, तर मेंदूतली प्रथिनेही या नियमात बसतात. मग ऐंशी वर्षांच्या बाईंना दुसरीच्या वर्गातली खिडकी फळ्याच्या कोणत्या बाजूला होती हे आठवते, ते कशाच्या आधारावर? त्या दिवशी त्यांच्या डोक्यात जे रेणू होते, त्यांतले आज जवळपास कोणीच शिल्लक नाहीत.

या प्रश्नाला क्रिक यांनी एक संभाव्य उत्तरही सुचवले होते. ते पुढे येईलच. त्या उत्तरापर्यंत पोहोचायला विज्ञानाला चाळीस वर्षे लागली. त्या वाटेवर एक प्रथिन आधी डोक्यावर घेतले गेले, मग जवळजवळ खड्ड्यात टाकले गेले आणि नंतर एका जोडीदाराच्या आधाराने पुन्हा उभे राहिले. लेख मुख्यतः त्या प्रथिनाविषयी आहे. त्याचे नाव पीकेएम-झीटा. नाव रुक्ष आहे, पण त्याला इलाज नाही.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतली एकेक पेशी हजारो इतर पेशींशी जोडलेली असते. ‘जोडलेली’ म्हणजे चिकटलेली नव्हे. दोन पेशींच्या मध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. या ठिकाणाला चार्ल्स शेरिंग्टन यांनी १८९७ मध्ये ‘सिनॅप्स’ हे नाव दिले. मराठीत आपण ‘चेतासंधी’ म्हणतो. विजेचा संकेत फटीपर्यंत येतो, तिथे अलीकडची पेशी ग्लुटामेटसारखे एखादे रसायन सोडते आणि पलीकडच्या पेशीच्या पृष्ठभागावरचे ग्राही रेणू ते पकडतात. ग्राही जितके जास्त, तितका पलीकडचा प्रतिसाद मोठा. चेतासंधी ‘बळकट’ झाली असे म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा अर्थ इतकाच असतो की पलीकडच्या काठावर ग्लुटामेट पकडणारे ग्राही वाढले.

शिकणे म्हणजे नव्या पेशी तयार होणे नसून जुन्या पेशींमधले संबंध बदलणे असावे, हे स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सुचवले होते. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये त्याला नेमके रूप दिले: एक पेशी दुसरीला वारंवार चेतवत राहिली, तर त्या दोघींमधला दुवा अधिक परिणामकारक होतो. चेतासंधीच्या या बदलू शकण्याच्या गुणाला ‘प्लॅस्टिसिटी’ म्हणतात. मराठीत त्याचे भाषांतर सर्रास ‘लवचीकता’ असे केले जाते. मला ते पटत नाही. लवचीक वस्तू वाकते आणि सोडली की मूळ पदावर येते. रबर लवचीक आहे, वेताची छडी लवचीक आहे. इथे गुण नेमका उलटा आहे, कुंभाराच्या ओल्या मातीचा. बोट दाबले की खळगा पडतो, बोट काढले तरी खळगा राहतो. म्हणून मी ‘घडणशीलता’ हा शब्द वापरतो. सगळा लेख त्या न बुजणाऱ्या खळग्याविषयी आहे, तेव्हा शब्दाचा हट्ट वाचकांनी चालवून घ्यावा.

खळगा प्रत्यक्ष दिसला तो सशांच्या मेंदूत. ऑस्लो येथे पेर आंदेर्सन यांच्या प्रयोगशाळेत तेर्ये लोमो आणि इंग्लंडहून आलेले टिम ब्लिस यांनी भूल दिलेल्या सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये येणाऱ्या तंतूंना विजेचे जलद, पण क्षणभराचे झटके दिले. हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूच्या आतल्या बाजूला असलेला, समुद्रघोड्यासारखा वळलेला भाग. नव्या आठवणी घडवण्याचे काम त्याच्याशिवाय अडते. अपस्मारावर उपाय म्हणून १९५३ मध्ये ज्यांच्या मेंदूतला हा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढून टाकला गेला, त्या अमेरिकी हेन्री मोलेसन यांना त्यानंतर भेटलेला माणूस काही मिनिटांनी पुन्हा अनोळखी वाटे. ब्लिस आणि लोमो यांना दिसले ते असे: झटक्यांनंतर त्याच तंतूंतून नेहमीचा साधा संकेत पाठवला, तरी पलीकडचा प्रतिसाद आधीपेक्षा मोठा येत होता, आणि ही वाढ अर्ध्या तासापासून दहा तासांपर्यंत टिकत होती. १९७३ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. या घटनेला पुढे एलटीपी, म्हणजे दीर्घकालीन बळकटी, असे नाव पडले. ही बळकटी म्हणजेच स्मृती, असे म्हणण्याचे धाडस तेव्हा कोणी केले नाही. पण स्मृती कशाची बनलेली असावी, याचा पहिला हाताशी येणारा नमुना तो होता.

त्याच सुमारास प्रथिनांचा धागाही पुढे आला होता. अमेरिकेत लुई फ्लेक्सनर यांनी १९६३ मध्ये उंदरांना आणि बर्नार्ड ॲग्रॅनॉफ यांनी त्यानंतर सोनमाशांना प्युरोमायसिन हे औषध टोचून पाहिले. या औषधाने पेशीत नवी प्रथिने तयार होणे थांबते. ॲग्रॅनॉफ यांचे सोनमासे शिकवलेले काम शिकत, पण शिकवल्याबरोबर औषध दिले तर काही दिवसांनी ते त्यांच्या लक्षात राहत नसे. तासाभराने दिले तर मात्र आठवण शाबूत राही. यावरून दोन निष्कर्ष निघाले आणि ते पाठ्यपुस्तकांत पक्के बसले. पहिला, टिकाऊ आठवणीसाठी नवी प्रथिने लागतात. दुसरा, ती फक्त सुरुवातीच्या थोड्या काळात लागतात. एकदा आठवण ‘मुरली’ की काम संपले. मुरांब्याच्या बरणीसारखे, झाकण लावले की कुणी हात लावायची गरज नाही.

हा दुसरा निष्कर्ष लक्षात ठेवावा. पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती आहे.

क्रिक यांच्या प्रश्नाला पहिले तपशीलवार उत्तर आले ते १९८५ मध्ये, जॉन लिस्मन यांच्याकडून. प्रथिनाला फॉस्फेटचा एक छोटा गट चिकटवला की त्याचे वागणे बदलते. हे चिकटवण्याचे काम करणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात. लिस्मन यांनी कल्पना केली अशा एका कायनेजची, जे स्वतःलाच फॉस्फेट चिकटवू शकते. एकदा ते ‘चालू’ झाले की शेजारच्या जोडीदारालाही चालू करते. जुना रेणू मोडला आणि कोरा रेणू त्या जागी आला, तरी शेजारी त्याला चालू करून घेतो. रेणू बदलत राहतील, अवस्था टिकेल. क्रिक यांनी सुचवलेला मार्गही याच जातीचा होता.

ही कल्पना ज्याला तंतोतंत लागू पडावी असे प्रथिन मेंदूत मुबलक होते. कॅम-के-टू हे त्याचे रूढ नाव. बारा घटक, सहा-सहांच्या दोन कड्यांत रचलेले. पेशीत कॅल्शियम शिरले की ते चालू होते आणि कड्यातला एक घटक शेजाऱ्याला फॉस्फेट लावतो. अल्सिनो सिल्वा आणि सुसुमु तोनेगावा यांच्या गटाने १९९२ मध्ये या प्रथिनाचे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. त्यांच्यात एलटीपी लंगडी होती आणि जागा लक्षात ठेवणेही. पुढे प्रथिनातला फॉस्फेट लागण्याचा एकच बिंदू बदलला, तरी शिकणे अडले. सगळे जुळत होते. पण आठवण तयार झाल्यानंतर या प्रथिनाचे काम रोखले, तर बळकटी सहसा जात नसे. २००९ मध्ये एकेका चेतासंधीतले कॅम-के-टू प्रत्यक्ष चमकताना पाहता आले, तेव्हा कळले की त्याची जाग साधारण मिनिटभरच टिकते. थोडक्यात, काडी ओढणारे हे होते, समई तेवत ठेवणारे दुसरेच कोणी असले पाहिजे.

ब्रुकलिनमधल्या न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात टॉड सॅक्टर याच दुसऱ्या कोणाच्या शोधात होते. १९९३ मध्ये त्यांच्या गटाने दाखवले की एलटीपी टिकून असते तेव्हा पेशीत एका कायनेजचे एक आखूड रूप वाढलेले असते. हेच पीकेएम-झीटा.

त्याचा आखूडपणा समजून घेतला की बाकीचे सोपे जाते. ज्या घराण्यातले हे प्रथिन, त्या पीकेसी घराण्यातल्या प्रथिनांना दोन भाग असतात. एक काम करणारा, दुसरा त्या कामावर कुलूप घालून बसलेला. बाहेरून संकेत आला की कुलूप उघडते, काम होते, संकेत गेला की कुलूप परत लागते. पीकेएम-झीटाला हा कुलपाचा भागच नसतो. तो नंतर तुटून पडतो असेही नाही. मेंदूत त्या जनुकाचे वाचन मधल्याच एका ठिकाणापासून सुरू होते, त्यामुळे कुलपाची ओळ मुळात वाचलीच जात नाही. २००३ मध्ये हे स्पष्ट झाले. म्हणजे हे प्रथिन जन्मल्यापासून मोडेपर्यंत चालूच असते. मग ते हवे तेव्हाच आणि हवे तितकेच असावे याची काळजी पेशी निर्मितीच्या पायरीवर घेते. त्याचा आरएनए चेतापेशीच्या फांद्यांपर्यंत नेऊन ठेवलेला असतो, पण त्यावर अडसर असतो. जोराचा संकेत आला की अडसर निघतो आणि जागच्या जागी प्रथिन तयार होऊ लागते. ते तयार झाले की स्वतःच्या निर्मितीवरचा अडसर दूर ठेवायलाही मदत करते. चेतासंधीवर त्याचे काम पहारेकऱ्याचे. पृष्ठभागावरचे ग्लुटामेट-ग्राही पेशी एरवी अधूनमधून आत ओढून घेते, हे प्रथिन ते आत ओढले जाऊ देत नाही. ग्राही काठावर राहतात, बळकटी राहते.

हे सगळे खरे असेल, तर त्यातून एक अचाट भाकीत निघते. आठवण मुरून गेल्यावर, अगदी महिन्याभरानेही, हा पहारेकरी थोडा वेळ हटवला तर ग्राही आत जातील आणि आठवण पुसली जाईल. पाठ्यपुस्तकातल्या त्या बंद बरणीच्या कल्पनेला हे थेट आव्हान होते.

पहारेकरी हटवायला सॅक्टर यांच्याकडे एक साधन होते आणि त्यातली युक्ती मला आजही सुंदर वाटते. पीकेएम-झीटाला जे कुलूप नसते, त्याच्या जीभेएवढा तुकडा प्रयोगशाळेत बनवायचा. तेरा अमिनो आम्लांची लहानशी साखळी, तिला एक मेदाम्लाची शेपटी, म्हणजे पेशीचे आवरण ओलांडून ती आत जाईल. या तुकड्याला ‘झिप’ म्हणतात.

आंद्रे फेंटन आणि सॅक्टर यांच्या गटाने हा प्रयोग उंदरांवर केला, म्हणजे घुशीएवढ्या मोठ्या, प्रयोगशाळेतल्या उंदरांवर. एक गोल मंच सावकाश फिरत असतो. खोलीच्या एका ठरावीक कोपऱ्याच्या दिशेने मंचाचा जो भाग येईल, तिथे पायाला विजेचा सौम्य चटका बसतो. मंच फिरतो, पण चटक्याची जागा फिरत नाही. म्हणून उंदराला मंचावरच्या खुणांवर विसंबता येत नाही. खोलीतल्या खुणा पाहून, आपण आता कुठे आलो याचा हिशेब करत त्याला सतत चालत राहावे लागते. उंदीर हे चांगले शिकतात. शिकल्याला जवळपास एक दिवस झाल्यावर त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दोन्ही बाजूंनी झिप टोचले. नंतर मंचावर सोडले, तर उंदीर चटक्याच्या जागेत निवांत शिरले, जणू तो मंच त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आठवण एक महिन्याची असली तरी हेच झाले. औषध निघून गेल्यावर आठवण परत आली नाही. पुन्हा शिकवले तर मात्र ते शिकले, म्हणजे मेंदूला इजा झाली असेही म्हणता येईना. २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये हा निबंध आला.

पाठोपाठ इस्रायलच्या वाइझमन संस्थेतून यादिन दुदाई यांच्या गटाने दुसऱ्या टोकाकडून पुरावा आणला. उंदरांना सॅकरीनचे गोड पाणी द्यायचे आणि नंतर पोट बिघडवायचे, की त्या चवीची त्यांना शिसारी बसते. ही आठवण हिप्पोकॅम्पसवर नव्हे, तर मेंदूच्या बाह्यकातल्या चवीच्या भागावर अवलंबून असते. तिथे झिप टोचल्यावर काही आठवड्यांपूर्वीची शिसारीही गेली. २०११ मध्ये त्याच गटाने उलटी बाजू तपासली. विषाणूच्या मदतीने त्या भागात पीकेएम-झीटा वाढवले, तर जुनी शिसारी अधिक पक्की झाली.

वृत्तपत्रांनी याचे काय केले असेल याची कल्पना वाचक करू शकतील. ‘आठवण पुसणारे औषध’ हा मथळा कोणत्याही संपादकाला आवरत नाही. झिपला एक आठवण वेचून काढता येत नाही, ते जिथे टोचू तिथली चांगली-वाईट सगळीच बळकटी ते जमीनदोस्त करते, हा तपशील मथळ्यात मावत नव्हता. तरी मथळ्याला पूर्ण दोष देऊ नये. युद्धावरून परतलेला सैनिक, अत्याचारातून वाचलेली मुलगी, व्यसन सोडलेला पण दारूचे दुकान दिसले की हात थरथरणारा माणूस, यांच्यासाठी हा प्रश्न करमणुकीचा नव्हता आणि नाही.

जानेवारी २०१३ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. एक जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रिचर्ड ह्यूगानिर यांच्या गटाचा, दुसरा कॅलिफोर्नियातल्या रॉबर्ट मेसिंग यांच्या गटाचा. दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे पीकेएम-झीटाचे जनुकच नसलेले उंदीर तयार केले होते. त्या उंदरांची स्मृती ठीकठाक होती. त्यांच्यात एलटीपी होत होती आणि टिकतही होती. सगळ्यात अडचणीची गोष्ट ही की, ज्यांच्यात ते प्रथिन औषधालाही नव्हते, त्या उंदरांची आठवणसुद्धा झिप पुसत होते. कुलूप नसलेल्या दाराची किल्ली हवेत फिरवली आणि तरी दार बंद झाले, असा हा प्रकार. झिप पेशीत इतरही बरेच काही करते, हे पुढे अन्य प्रयोगशाळांनी दाखवले. सात वर्षांची इमारत दोन निबंधांत डळमळली. अनेकांनी पीकेएम-झीटाची फाइल तिथेच बंद केली.

सॅक्टर आणि फेंटन यांनी केली नाही. त्यांचे म्हणणे असे होते: घरातली कर्ती बाई एका सकाळी अचानक आजारी पडली तर त्या दिवशी चूल पेटत नाही. पण ज्या घरात ती सुरुवातीपासूनच नाही, तिथे थोरली मुलगी कधीच पदर खोचून उभी राहिलेली असते आणि जेवण वेळेवर होते. दुसऱ्या घरावरून पहिल्या घरात स्वयंपाक कोण करते ते कळत नाही. (उपमा माझी आहे, युक्तिवाद त्यांचा.) जनुक गर्भापासूनच नसेल, तर मेंदू घडताना दुसरे एखादे प्रथिन ते काम उचलेल.

इथे वाचकाने सावध व्हावे, मीही होतो. ‘दुसऱ्या कोणी भरपाई केली असेल’ हा बचाव फार सोयीचा असतो. कोणताही विरोधी पुरावा त्याखाली झाकता येतो. त्याला वजन येते ते फक्त एका अटीवर. तो दुसरा कोण ते सांगा आणि खोटे ठरू शकेल असे भाकीत करा. २०१६ मध्ये ‘ई-लाइफ’ या नियतकालिकात त्यांनी नेमके ते केले. भरपाई करणारे प्रथिन त्याच घराण्यातले, झीटाचे सख्खे भावंड: पीकेसी-आयोटा-लॅम्डा. जनुक नसलेल्या उंदरांत ते वाढलेले सापडले. मग दोन हत्यारे वापरली. एक, पीकेएम-झीटाच्या आरएनएला चिकटून ते प्रथिन तयार होऊ न देणारा तुकडा. दुसरे, फक्त भावंडाला रोखणारे औषध. पहिल्याने साध्या उंदरांची दीर्घ स्मृती बिघडली, जनुक नसलेल्यांवर परिणाम शून्य. दुसऱ्याने उलट: जनुक नसलेल्यांची बिघडली, साधे उंदीर खुशाल. आणि झिप दोघांवर का चालते? कारण त्या घराण्याचे कुलूप सारखेच, ते भावंडालाही लागते. असा फुलीसारखा उलटासुलटा निकाल योगायोगाने येणे अवघड असते. माझ्या मते २०१३ चे निबंध बरोबर होते आणि २०१६ चाही बरोबर होता. चुकीची होती ती फाइल बंद करण्याची घाई.

पण यातून क्रिक यांचा मूळ प्रश्न सुटत नव्हता. पीकेएम-झीटा कितीही चालू असले तरी तेही एक प्रथिन. तेही काही काळाने मोडते. शिवाय एका चेतापेशीवर हजारो चेतासंधी. त्यांतल्या शिकताना वापरल्या गेलेल्या थोड्याच बळकट राहायला हव्यात. नवे पीकेएम-झीटा तयार झाले, तर त्याला कसे कळावे की शेजारच्या कोऱ्या संधीवर न जाता याच संधीवर जायचे? उवे फ्राय आणि रिचर्ड मॉरिस यांनी १९९७ मध्ये दाखवले होते की वापरलेल्या चेतासंधीवर काही काळ एक ‘खूण’ राहते आणि पेशीत तयार होणारी प्रथिने त्या खुणेवर पकडली जातात. खूण कशाची, आणि महिनोन्महिने टिकायला ती तरी कोणत्या चिरंजीव पदार्थाची, हा प्रश्न होताच.

२०२४ च्या जूनमध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये याचे उत्तर मांडले गेले. खुणेचे नाव किब्रा. मूत्रपिंड आणि मेंदू या दोन ठिकाणी सापडणारे म्हणून त्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे जोडून केलेले हे नाव. किब्रा हे कायनेज नाही, ते कशावरही काम करत नाही. ते खुंटीसारखे आहे, इतर प्रथिनांना जागेवर धरून ठेवते. संशोधकांनी दाखवले की वापरलेल्या चेतासंधींवर किब्रा आणि पीकेएम-झीटा एकमेकांना धरून असतात. मग त्यांनी दोघांपैकी कोणालाही न मारता फक्त त्यांची पकड सोडवणारी दोन वेगवेगळ्या बनावटीची द्रव्ये वापरली. टिकून असलेली एलटीपी गेली. जागेची आठवण गेली, एक महिन्याची जुनीसुद्धा. नेहमीचा साधा संकेत मात्र पूर्ववत चालू राहिला. झिपच्या जखमेवरची कसोटीही घेतली गेली: पीकेएम-झीटाचे जनुक नसलेल्या उंदरांवर या द्रव्यांचा काही परिणाम झाला नाही. २०१३ मध्ये जे साधन या परीक्षेत नापास झाले होते, त्याच्या जागी आता उत्तीर्ण झालेले साधन होते.

कोकणात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी नाचवतात ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यातली यंत्रणा समजावून सांगावी लागणार नाही. पालखी घरोघर फिरते, खांदे दमतात, माणसे बदलतात. पण सगळे एकदम बदलत नाहीत. एक खांदा निघतो तेव्हा दुसरा खाली आलेला असतो आणि पालखी जमिनीला टेकत नाही. पीकेएम-झीटाचा एक रेणू मोडतो तेव्हा किब्रा जागेवर असते आणि नव्याने आलेल्या पीकेएम-झीटाला धरते. किब्रा मोडते तेव्हा पीकेएम-झीटा जागा राखून असते. आठवण या प्रथिनात नाही आणि त्या प्रथिनातही नाही. ती आहे दोघांच्या न सुटणाऱ्या पकडीत. क्रिक यांनी १९८४ मध्ये जोडीने राहणाऱ्या रेणूंची कल्पना केली होती: एक बदलला तर दुसरा त्याला शिकवील. त्यांनी जोडी एकाच जातीच्या रेणूंची कल्पिली होती, इथे ती दोन जातींची निघाली. क्रिक २००४ मध्ये वारले, लिस्मन २०१७ मध्ये. दोघांनाही हे पाहता आले नाही.

उत्तर एकमेव आहे असे कोणी समजू नये. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले, म्हणजे आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्याच शाखेतले, उपिंदर भल्ला यांनी रवी अय्यंगार यांच्याबरोबर १९९९ मध्ये संगणकी प्रतिमानांतून दाखवले होते की पेशीतले अनेक संकेतमार्ग एकमेकांत गुंतले की त्या जाळ्यालाच टिकाऊ स्मृती येऊ शकते, कोण्या एका रेणूला नायक करण्याची गरज नाही. एरिक कँडेल यांच्याबरोबर काम केलेले कौशिक सी यांचा मार्ग तर आणखी निराळा. समुद्री गोगलगायीत आणि पुढे फळमाशीत त्यांना असे प्रथिन मिळाले, जे एकमेकांना चिकटून चिवट गुंता बनवते. असे गुंते आपण एरवी मेंदूच्या रोगांशी जोडतो, इथे तोच गुंता आठवण धरून ठेवतो. यांपैकी कोण जिंकेल अशी पैज लावण्यात मला रस नाही. वेगवेगळ्या प्रकारच्या आठवणी वेगवेगळ्या खांद्यांवर असतील, हेच अधिक संभवते.

उंदराचा महिना आणि माणसाची साठ वर्षे यांत मोठे अंतर आहे. माणसाच्या मेंदूत सुई घालून हा प्रयोग करता येत नाही, करूही नये. त्यामुळे माणसांबद्दल जे हाती आहे ते आडवाटेने आलेले आहे. २००६ मध्ये, म्हणजे फिरत्या मंचाचा प्रयोग प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, स्वित्झर्लंडमधल्या तरुणांच्या जनुकांची आणि शब्द लक्षात ठेवण्याच्या क्षमतेची तुलना प्रसिद्ध झाली. तीत एका जनुकाचे विशिष्ट रूप असणाऱ्यांची स्मृती सरस आढळली. ते जनुक किब्राचे होते. पीकेएम-झीटाशी त्याचा काही संबंध आहे, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. आणि त्याच वर्षी तिसऱ्या एका निबंधात ब्रुकलिनच्याच संशोधकांनी अल्झायमरने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूंचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तिथे पीकेएम-झीटा सापडले, भरपूर सापडले, पण चेतासंधींवर पहाऱ्याला उभे असलेले नव्हे. हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या आसपासच्या पेशींमध्ये, त्या रोगाच्या ओळखीच्या गाठींमध्ये ते अडकून पडले होते, आणि त्याच्याबरोबर ते ज्यांना काठावर राखत होते ते ग्राहीही.